वरचे दोन दात

माझ्या मुलाला वरचे दात आधी आले. हे सगळ्यांत आधी माझ्या भावाला कळलं, आणि डोळ्यांनी नव्हे, बोटानं.

तो वडनेरला आईसोबत राहायचा, भाजीपाल्याची शेती करायचा. हिंगणघाटच्या बाजारात माल उतरवला की दहा-पंधरा दिवसांतून एकदा मोटारसायकल तशीच पुढं हाकत आमच्याकडे, बोरगाव मेघेला यायचा. हँडलला अडकवलेल्या थैलीत वांगी, मेथी आणि सगळ्यांत वर सांबाराची जुडी असायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. घरात शिरताच ती जुडी तो माझ्या मुलीच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घे, तुह्या मायले फुलं दे." मुलीला तिसरं वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस होते. ती जुडी दोन्ही हातांत उभी धरून, एकेक पाऊल जपून टाकत, ती स्वयंपाकघरात माझ्याकडे यायची.

बाळाला तेव्हा सातवा महिना चालू होता. दात यायच्या दिवसांत घर कसं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लाळेरं दिवसातून सहा वेळा बदलायचं, तरी हनुवटीखाली लाल चट्टे. पातळ शी, कणकण, दूध पिता पिता मध्येच हिरड्या आवळणं. पलंगाची कड, मुलीच्या बाहुलीचे पाय, माझ्या ओढणीचं टोक, जे हाताला लागेल ते तोंडात. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. रजेवर असताना वाचायला म्हणून घरी आणलेल्या पुस्तकांचे कोपरे त्यानं चोखून मऊ करून टाकले होते. आणि मुलगी, जी कधीचीच सगळं चावून खायला शिकली होती, तीही आता हट्टानं बाहुलीचे तेच पाय तोंडात धरून बसायची. शिवाय तिला प्रश्नांचा नाद लागला होता. "काऊन" हा शब्द तिनं आजीकडून उचलला होता. पंखा काऊन फिरते? बाबूले दात काऊन नाई? बाबा सिंदीले काऊन जाते? माझे पती सिंदीच्या शाळेत शिकवतात, सकाळच्या गाडीनं जातात. हे मी तिला पहिल्या काही दिवसांत नीट सांगितलं. नंतर मी उत्तरं देणं सोडलं. "हं" म्हणायची.

त्या दिवशी भावानं बाळाला मांडीवर घेतलं होतं. बाळानं त्याचं बोट पकडून तोंडात घातलं, तो घालू देत होता. मग एकदम ओरडला, "अबे! चावला ना हा! ताई, दात आहे याले!"

"नाई रे, हिरड्याच आहेत. मी सकाळीच पाह्यलं."

"खालतं पाह्यलं असशीन तू. वरतं पाह्य." त्यानं अंगठ्यानं बाळाचा वरचा ओठ हलकेच उचलला. हिरडीतून तांदळाच्या कण्यांसारखी दोन पांढरी टोकं बाहेर आलेली होती. मी खालच्या हिरडीवरच रोज बोट फिरवत होते. सगळ्यांना खालचेच आधी येतात, मुलीलाही तसेच आले होते.

भाऊ हसायला लागला. "वरचे आले. आता माह्यं काई खरं नाई."

वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातात, असं आमच्या भागात मानतात. मग मामानं भाच्याला चांदीची वाटी आणून द्यायची, म्हणजे संकट टळतं. हे आम्हाला ठाऊक होतं ते शेजाऱ्यांच्या घरातला स्वयंपाक जसा वासानं ठाऊक असतो तसं. आमच्या घरात ते शिजत नव्हतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि गावी परत आल्यावर घरातले सगळे देव फडक्यात बांधून नदीत सोडून दिले. तेव्हापासून आमच्याकडे उपास नाही, नवस नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबत नाही. आजोबा म्हणायचे, आता जे असेल ते वाचून पाहायचं. ते स्वतः फार शिकले नव्हते. त्यामुळे वाचून पाहायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवी-आठवीत असल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद माझ्यापुढे ठेवला जायचा. विजेचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी, बियाण्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं. "ताईले इचार," हे आमच्या घरातलं शेवटचं वाक्य असायचं. त्यानंतर वाद संपायचा. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. चंद्र आपल्यासोबत का चालतो हे त्यानं मला विचारलं होतं आणि मी जे सांगितलं, ते चूक असूनही त्यानं कित्येक वर्षं खरं मानलं होतं.

चहा घेऊन तो निघाला. मी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होते. त्यानं तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळला, गाडीला किक मारायला पाय उचलला आणि तसाच थांबला.

"ताई, तू येवढी वाचतं. खरं सांग बरं, असं काई असते का?"

तो हसत नव्हता. डोळे तेवढे दिसत होते दुपट्ट्यातून. त्याच वेळी आत मुलीनं तेलाची बाटली पालथी केली आणि त्यातच घसरून पडली. ती रडायला लागली, तिचं ऐकून बाळ रडायला लागलं, गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला.

"जाय बाप्पा आता," मी म्हणाले. "मले काई सुचून नाई राह्यलं."

"बरं बरं. जातो. आईले नको सांगजो मात्र, उगाच धाक घेईन." आणि तो गेला.

नाही, असं काही नसतं. एवढं म्हणायला किती वेळ लागला असता, ते मी नंतर पुष्कळदा मोजून पाहिलं आहे.

शेतातल्या कामांत त्याची आमच्याकडची पुढची फेरी हुकली. तीन आठवड्यांनी, जानेवारी संपता संपता, हिंगणघाटहून वडनेरला परतताना संध्याकाळी त्याच्या गाडीला रोही आडवा आला. नीलगायींचे कळप हरभऱ्यात उतरतात त्या दिवसांत, रस्ता ओलांडताना थांबत नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

मी दोन्ही मुलांना घेऊन वडनेरला गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली आहेत. आता त्या घरात ती एकटी होती. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, शेजारी भावाचा फोटो. बाया येत होत्या, आईजवळ बसत होत्या, उठून जात होत्या. आणि मी माझ्या मुलाला मांडीवर घेऊन, छातीशी आवळून बसले होते, त्याच्या तोंडावर माझी ओढणी.

हे मी ठरवून केलं नव्हतं. घरात शिरताना दाराशीच माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. माझ्या मनात एकच गोष्ट होती: आई याचे दात पाहील. तिचा एकुलता एक मुलगा गेला, आणि ज्याच्या तोंडात त्याच्यावरचं संकट उगवलं असं गाव म्हणेल तो हा, तिचाच नातू. तिनं एकदा ते पाहिलं की याच्याकडे ती पुन्हा कधीही पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकणार नाही. ती बोलणार नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत. पण याला कडेवर घेताना तिचा हात अडखळेल, आणि तो अडखळलेला हात हे लेकरू जन्मभर अंगावर वागवेल. मला ते नको होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतली माळीणबाई आली. चांगली बाई, दोन वेळचा डबा तिच्याच घरून येत होता. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "किती लाळ गळून राह्यली बाप्पा. दात आले का वो याले?"

"नाई," मी म्हणाले. "नाई आले अजून."

"येतीन, सावकाश येतीन. फक्त वरचे आधी नको..." आणि तिनं जीभ चावली. भावाच्या फोटोकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला.

आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा जमिनीकडे पाहायला लागली. मला वाटलं, तिला काही कळलेलं नाही. माझ्या शेजारी मुलगी चुरमुरे खात बसली होती. तिला सगळं माहीत होतं, ती त्या दिवशी तिथंच होती. तिनं तोंड उघडायच्या आत मी तिला उचलून अंगणात नेलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही परत निघालो. पती आईला म्हणाले, "तुम्ही चला आमच्याकडे. इथं एकट्या कशाला?" आई म्हणाली, "पाहू." मी काही म्हणाले नाही. बोरगावला दोन खोल्यांच्या घरात दात किती दिवस लपणार होते? आई दारात उभी राहिली, आमची गाडी वळेपर्यंत. मी मागं वळून पाहिलं, तेव्हाही एका हातानं बाळाचं तोंड झाकलेलं होतं.

परत आल्यावर मी मनाशी हिशेब मांडला. खालचे दात आले की झालं. चारी दात दिसायला लागले की आधी कोणते आले हे कोणाला कळणार? मग आईला आणायचं. तोपर्यंत वेळ काढायचा. रोज सकाळी बाळाला मांडीवर घेऊन खालच्या हिरडीवर बोट फिरवायची. गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गुळगुळीत, थोडी सुजलेली. मी फ्रीजमध्ये गार केलेलं गाजर त्याच्या खालच्या हिरडीवर घासायची, जणू बी पेरून रोज माती उकरून पाहावी तसं.

वडनेरहून आईचा फोन यायचा तेव्हा कॅमेरा मी बाळाच्या कपाळावर धरायची, किंवा मुलीला पुढं करून तिला नाच करायला सांगायची. आई म्हणायची, "दाखव ना त्याले जरा." मी म्हणायची, झोपलाय. ताप आहे. पोट बिघडलंय, दातांमुळे. दात येतायत या कारणानंच मी आलेले दात लपवत होते. पतींनी दोनदा विचारलं, "रविवारी जाऊन आईंना घेऊन येऊ का?" मी म्हणाले, "बाबूचं पोट बरं होऊ द्या." त्यांना वाटत असावं की मला भावाचं रिकामं घर पाहायचं नाही. तेही खरं होतंच. पण एवढं नव्हतं.

मी त्याला हसू देत नव्हते. हे लिहायला मला फार वेळ लागला. हसला की त्याचे वरचे दोन दात दिसायचे. समोरच्या घरातल्या काकू कुंपणावरून डोकावायच्या, दूधवाला यायचा, आणि माझ्या मनात सारखं यायचं की कोणीतरी पाहील, कोणीतरी बोलेल, बोललेलं वडनेरपर्यंत जाईल. म्हणून तो हसायला लागला की मी त्याचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरायची. घरात कोणी नसतानाही. मग मी त्याला हसवणंच सोडलं. टाळी नाही, फडक्याआडून भॉक करणं नाही. महिनाभरात असं झालं की पंख्याकडे पाहून तो हसायचा, बापाकडे पाहून हसायचा, बहिणीनं फडक्यामागून डोकं काढलं की खिदळायचा. माझ्याकडे मात्र ओठ मिटून पाहायचा. आठ महिन्यांचं लेकरू, आईजवळ काय करायचं नाही ते शिकलं होतं.

आणि मुलगी त्याला मारायला लागली होती. आधी मी पाहिलं तेव्हा वाटलं, चुकून लागलं. मग रोज. गालावर नाही, पाठीवर नाही, नेमकं तोंडावर. खेळता खेळता एकदम उठून जायची, पंजानं त्याच्या तोंडावर फटका द्यायची आणि लांब उभी राहून बघायची. लहान भावंड आलं की मोठं असं करतं, हे मी वाचलेलं होतं. पुस्तकात होतं तसंच मी केलं. तिला जास्त जवळ घेतलं, तिला त्याचं लाळेरं बदलायला दिलं. तिनं ते बदललं आणि बदलून झाल्यावर पुन्हा फटका मारला. "काऊन मारतं तू त्याले?" मी ओरडले. ती माझ्यासारखीच "हं" म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, मी अंगणात कपडे वाळत घालत असताना फाटक वाजलं. आई होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात भाजीची तीच थैली. बसनं आली होती, उन्हातून स्टॉपवरून चालत. ती इतकी वाळली होती की तिचं पोलकं खांद्यावरून उतरत होतं.

"फोन नाई केला?" मी म्हणाले.

"केला असता त तुनं म्हनलं असतं, ताप आहे."

मी आत धावले. बाळ सतरंजीवर बसलं होतं, उघड्या तोंडानं बाहुलीचा पाय चावत. मी त्याला उचलायला वाकले, तेवढ्यात मुलगी माझ्या पुढं होऊन दारात गेली. आजीचा पदर ओढत, एका दमात, कित्येक दिवस तोंडात धरून ठेवलेलं सगळं तिनं ओतून टाकलं. "आजी, बाबूले वरतं दात आले. दोन. तो मामाले चावला. मंग मामा गेला."

मग आई आत आली. थैली खाली ठेवली. सतरंजीवर बसली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आण त्याले."

मी दिलं. तिनं त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या डोळ्यांवर आलेले केस मागं सारले. दात पाहिले नाहीत.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगतलं त्यानं. घरी आला, हात धुतले अन् म्हने, आई, भाच्यानं चावलं मले, वरच्या दातानं. तुले म्हनलं असंल ना त्यानं, आईले नको सांगू? मले म्हने, ताईले सांगू नको, मी सांगतलं म्हून. त्याच्या पोटात कधी काई राह्यलं का बाई?"

मी तिच्यासमोर सतरंजीवर बसले.

आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होती, माझ्याकडे न पाहता. "मी म्हनलं, असं काई नसते रे, तुह्या आज्यानं समदे देव नदीत सोडले. तो म्हने, तेच म्या ताईले इचारलं. मी म्हनलं, मंग काय म्हने ताई? त म्हने, काई नाई म्हने. चूप राह्यली." तिनं पदरानं बाळाची लाळ पुसली. "मले वाटलं, तू चूप राह्यली म्हंजे असंल काई. तू त कधी चूप नाई राहत. नसतं त तू नाई म्हनली असती."

मग तिनं कापडी पिशवीत हात घातला. कपड्यांच्या घडीतून एक प्लॅस्टिकची छोटी डबी काढली, सराफाकडे मिळते तशी, आणि सतरंजीवर ठेवली. डबीला एका बाजूनं तडा गेलेला होता.

"मागंच लागली त्याच्या. आण एक वाटी, आण एक वाटी. तीन हप्ते हासत राह्यला मले. त्या दिवशी म्हने, जातो बाई, आनतो तुही वाटी, मंग त झोपू देशीन मले. वाटीसाठीच गेलता तो. दुसरं काई काम नव्हतं त्या दिवशी." ती इतकं हळू बोलत होती की मुलगीसुद्धा हलली नाही. "मीनं धाडलं त्याले."

मला वाटत होतं की तिला काही कळू नये म्हणून मी सगळं करते आहे. आणि ती, ज्या दिवशी माळीणबाईसमोर मी खोटं बोलले त्या दिवसापासून, माझ्याकडे पाहून समजत होती की हिलाही हे खरंच वाटतं, हीदेखील मानते, म्हणून लपवते. माझ्या गप्प बसण्यानं तिनं मुलाला वाटी आणायला पाठवलं, आणि माझ्या लपवण्यानं तिची खात्री झाली की पाठवायला उशीर केला. सहा आठवडे ती त्या घरात एकटी बसून हेच धरून होती. तिला बोलावून आणायचं सोडून मी इकडे हिरडीवर बोट फिरवत होते.

"आई," मी म्हणाले, "असं काही नसतं. दात कोणते आधी येतात त्याचा काही संबंध नसतो. पुष्कळ मुलांना वरचे आधी येतात."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मंग त्याले काऊन नाई सांगतलं?"

रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलगी विचारते तसं. आणि माझ्याजवळ उत्तर होतं, इतकं क्षुल्लक की ते तोंडातून काढायची लाज वाटली. तेल सांडलं होतं. दूध उतू गेलं होतं. लेकरं रडत होती.

मी तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "होये," ती म्हणाली. "दोन लेकरं लहान असली का असंच होते." ती मला सोडवत होती की नुसतंच खरं बोलत होती, ते मला अजून कळलेलं नाही.

डबी मुलीनं उघडली. आम्ही थांबवेपर्यंत वाटी तिच्या हातात होती आणि तिच्या हातातून बाळानं ओढली होती. लहानशी, कडेला बारीक नक्षी. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून तोंडात घातली आणि वरच्या दातांनी कड कुरतडायला लागला. दातांवर चांदी घासल्याचा आवाज येत होता. थंड लागत असावी हिरड्यांना. आई बघत राहिली. मी हात पुढं केला, तर तिनं माझा हात धरून खाली ठेवला.

आई तेव्हापासून आमच्याकडेच आहे. वडनेरची शेती माळीणबाईच्या घरचे बघतात. ती मला काही म्हणत नाही. सकाळी बाळाला ऊन द्यायला अंगणात नेते, भाजी निवडते, मुलीची वेणी घालते. वाटी मी उचलून कपाटात ठेवली होती, तिनं ती काढून स्वयंपाकघरात इतर वाट्यांत ठेवली. बाळाचा भात कधी त्या वाटीत कालवलेला असतो, कधी स्टीलच्या. तिनं ते मुद्दाम तसं ठरवलं आहे का, हे मी विचारलेलं नाही. बाळ माझ्याकडे पाहून अजून पुरतं हसत नाही. मी रोज टाळी वाजवते, फडक्यामागून डोकं काढते. कधी ओठ सुटतात, कधी नाही.

खालचा दात कधी आला ते मला कळलंसुद्धा नाही. रोज बोट फिरवायचं मी सोडलं होतं.

मुलीनं मात्र मारणं सोडलं नव्हतं. एका रविवारी सकाळी मी भांडी घासत होते, आई शेजारी बसून सांबाराच्या काड्या खुडत होती. मुलगी बाळाजवळ गेली, हात उगारला, आणि माझ्याकडे बघून थांबली.

"मामा बाबू चावला म्हून गेला का?"

म्हणजे तिच्यासाठी ते एवढं सरळ होतं. तिच्या मामाला ज्या तोंडानं घालवलं, त्या तोंडाला ती शिक्षा करत होती. रोज, एकटीनं, कोणी सांगितलं नसताना. दोन महिने मी पुस्तकातलं कारण धरून बसले होते आणि तिला एकदाही नीट बसून विचारलं नव्हतं.

दूध गॅसवर होतं. मी आधी गॅस बंद केला. हात पुसले आणि तिच्यासमोर खाली बसले.

"नाई," मी म्हणाले. "बाबू चावला म्हणून मामा नाही गेला. बाबूच्या दातांनी काहीच नाही झालं. मामाच्या गाडीपुढे रोही आला आणि मामाला खूप लागलं."

"रोही काऊन आला?"

"त्याला हरभरा खायचा होता. पलीकडे शेत होतं."

"त्याले मालूम नव्हतं मामा येऊन राह्यला?"

"नव्हतं मालूम."

"मामा हिंगणघाटले काऊन गेलता?"

काड्या खुडण्याचा आवाज थांबला. मी आईकडे पाहिलं नाही. हे मला तिच्यादेखत सांगायचं होतं आणि खरंच सांगायचं होतं.

"बाबूसाठी वाटी आणायला. मामाने मला एक गोष्ट विचारली होती. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं."

मुलीनं हे ऐकलं. तिला किती कळलं कोण जाणे. मग ती बाळाकडे वळली, म्हणाली, "आ कर," आणि त्याच्या तोंडात सरळ बोट घातलं. बाळानं चावलं. ती किंचाळली, बोट काढून आजीकडे धावली आणि डोळ्यांत पाणी आणून ते बोट तिच्यासमोर धरलं. "आजी, मले चावला!"

आईनं ते बोट हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. वरचे दोन आणि खालचा एक, असे तीन बारीक लाल ठसे होते. तिनं त्यावर फुंकर घातली.

"काई होत नाई," ती म्हणाली. "दात आहे त चावनच."

आणि ती पुन्हा सांबार खुडायला लागली.